अजान द्यायला शिकताना: शब्द, वेळ, श्वास आणि आवाज

अजानचे, म्हणजे नमाजसाठी बोलावणाऱ्या हाकेचे, शब्द थोडेच आहेत आणि त्यातले बहुतेक पुन्हा पुन्हा येतात, त्यामुळे पाठांतराला फार वेळ लागत नाही. वेळ लागतो तो बाकीच्या गोष्टींना. कुठं थांबायचं, कुठला स्वर ओढायचा, कुठला आखूड ठेवायचा, घड्याळावर किती विसंबायचं, आणि माइकसमोर उभं राहिल्यावर पहिला सूर किती खाली धरायचा. नव्यानं इस्लाम स्वीकारलेले, लहानपणी शिकायचं राहून गेलेले, किंवा बांगीसाहेब (मशिदीत अजान देणारे) आले नाहीत म्हणून 'आज तू दे' असं अचानक कुणी फर्मावलेले, अशा सगळ्यांसाठी हे लिहितोय. ज्यांना अजान द्यायची नाही, फक्त रोज कानावर पडते ती समजून घ्यायची आहे, त्यांनी पहिले तीन भाग वाचले तरी पुरे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. अजान ही घोषणा आहे. वेळ झाली, या. एवढं लांबच्या माणसाला स्पष्ट ऐकू गेलं पाहिजे. गळा गोड असेल तर उत्तमच, पण शब्दच कळले नाहीत तर गोडव्याचा काय उपयोग? पुढच्या सगळ्या सूचना याच कसोटीवर घ्या.

ही पद्धत आली कुठून

प्रेषित मुहंमद (स.) 622 साली मक्केहून मदिनेला आले. तिथं मशीद उभी राहिली, जमातीनं, म्हणजे सगळ्यांनी मिळून, नमाज सुरू झाली, पण लोकांना बोलवायची काही रीत नव्हती. अंदाजानं वेळ ठरवून माणसं जमत. मग सल्लामसलत झाली. कुणी शिंग फुंकायचं सुचवलं, कुणी ख्रिस्ती लोक वाजवत तसा नाकूस (ठोकून वाजवायची लाकडी पट्टी) वाजवायचा म्हटलं. अब्दुल्लाह बिन जैद (रजि.) यांना स्वप्नात एक माणूस नाकूस घेऊन जाताना दिसला. 'हा विकतोस का? नमाजसाठी लोकांना बोलवायचं आहे,' असं त्यांनी विचारलं, तर त्या माणसानं 'याहून चांगलं सांगू का?' म्हणत अजानचे शब्दच शिकवले. सकाळी त्यांनी ते पैगंबरांना सांगितले. पैगंबर म्हणाले, हे खरं स्वप्न आहे, बिलालला शिकव, त्याचा आवाज तुझ्यापेक्षा लांब जातो. बिलाल (रजि.) यांचा आवाज घुमला तसे उमर (रजि.) चादर ओढत घाईघाईनं घराबाहेर आले आणि म्हणाले, मीही हेच स्वप्न पाहिलं.

यात नवशिक्याला घेण्यासारखी गोष्ट अशी की स्वप्न एकाला पडलं आणि काम दुसऱ्याला मिळालं. निवड आवाजाच्या पल्ल्यावर झाली. आणि ज्यांची निवड झाली ते हबशी वंशाचे, मक्केत गुलामीत छळ सोसलेले आणि अबू बक्र (रजि.) यांनी सोडवलेले बिलाल होते. 630 साली मक्का हाती आली तेव्हा काब्याच्या छतावर चढून अजान देण्याचं काम पैगंबरांनी त्यांनाच सांगितलं.

दुसरे मुअज्जिन, म्हणजे अजान देणारे, इब्न उम्मे मक्तूम (रजि.) दृष्टिहीन होते. पहाट झाली असं लोक त्यांना सांगत, मग ते फजरची अजान देत.

मला मात्र नवशिक्यांना तिसरी गोष्ट सांगायला आवडते, अबू महजूरा (रजि.) यांची. हुनैनच्या लढाईनंतर पैगंबर परतत होते. वाटेत अजान झाली. जवळच काही तरुण पोरं होती. ती पोरं अजान ऐकून टिंगल करत नक्कल करायला लागली. पैगंबरांनी त्यांना बोलावून घेतलं आणि एकेकाला म्हणायला लावलं. अबू महजूरांचा आवाज त्यांना आवडला. रागावणं राहिलं बाजूला, त्यांनी समोर उभं करून शब्दन् शब्द स्वतः शिकवला, मस्तकावर हात फिरवला आणि मक्केत अजान द्यायचं काम सोपवलं. म्हणजे टिंगल करत आलेला पोरगा मक्केचा मुअज्जिन झाला. माझं कसं होणार म्हणून बिचकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

शब्द आणि त्यांचा क्रम

सुन्नी परंपरेतली सर्वांत जास्त ऐकू येणारी, हनफी आणि हंबली (धर्मनियमांच्या चार सुन्नी पंथांपैकी दोन; बाकीचे शाफई आणि मालिकी) मांडणी अशी आहे:

अल्लाहु अकबर (चार वेळा): अल्लाह सर्वांत महान आहे.
अश्हदु अल्-ला इलाहा इल्लल्लाह (दोन वेळा): मी साक्ष देतो की अल्लाहखेरीज कुणीही उपास्य नाही.
अश्हदु अन्ना मुहम्मदर्-रसूलुल्लाह (दोन वेळा): मी साक्ष देतो की मुहंमद अल्लाहचे प्रेषित आहेत.
हय्या अलस्-सलाह (दोन वेळा): नमाजकडे या.
हय्या अलल्-फलाह (दोन वेळा): यशाकडे, कल्याणाकडे या.
अल्लाहु अकबर (दोन वेळा).
ला इलाहा इल्लल्लाह (एकदा): अल्लाहखेरीज कुणीही उपास्य नाही.

ही पंधरा वाक्यं झाली. फजरच्या अजानमध्ये 'हय्या अलल्-फलाह'नंतर 'अस्सलातु खैरुम्-मिनन्-नौम', म्हणजे 'नमाज झोपेपेक्षा चांगली', हे दोनदा वाढतं. ते फक्त फजरलाच.

बाकीच्या परंपरांत थोडा फरक आहे. शाफई पद्धतीत साक्षीची दोन्ही वाक्यं आधी हलक्या आवाजात आणि मग मोठ्यानं म्हणतात, म्हणून एकूण एकोणीस होतात. अबू महजूरांना शिकवलेली रीत हीच. मालिकी पद्धतीत सुरुवातीची तकबीर, म्हणजे 'अल्लाहु अकबर', दोनदाच, पण साक्षी दुहेरी, म्हणून सतरा. शिया अजानमध्ये 'हय्या अला खैरिल्-अमल' म्हणजे 'सर्वोत्तम कर्माकडे या' हे दोनदा येतं आणि शेवटचं वाक्यही दोनदा, असे अठरा. अली (रजि.) यांच्याबद्दलची साक्ष तिथं बहुतेक ठिकाणी जोडून म्हणतात, पण ती अजानचा मूळ भाग नव्हे असं त्यांचे फकीह, म्हणजे धर्मनियमांचे जाणकारच, सांगतात. ज्या मशिदीत अजान देणार आहात तिथली रीत विचारून घ्या आणि तीच पाळा. दुसऱ्याच्या मशिदीत जाऊन आपली पद्धत चालवणं हा हमखास भांडणाचा रस्ता आहे.

आधी ऐकायला शिका

अजान देण्याआधी काही आठवडे नुसतं ऐका आणि उत्तर द्या. अजान ऐकणाऱ्यानंही ती हळू आवाजात सोबत म्हणायची असते, आणि उच्चार बसायला यासारखी तालीम नाही. मुअज्जिननं एक वाक्य पूर्ण केलं की तो थांबतो. त्या थांब्यात तुम्ही तेच वाक्य म्हणा. फक्त 'हय्या अलस्-सलाह' आणि 'हय्या अलल्-फलाह' या दोन्हींच्या उत्तरात 'ला हौला वला कुव्वता इल्ला बिल्लाह' म्हणायचं, म्हणजे बळ आणि सामर्थ्य अल्लाहकडूनच. बोलावणाऱ्यालाच उलट 'या, या' म्हणण्यात काही अर्थ नाही, म्हणून इथं उत्तर वेगळं. फजरच्या जादा वाक्याला हनफी आणि शाफई लोक 'सदक्ता व बररता' (तू खरं आणि चांगलं बोललास) म्हणतात, इतर काहीजण तेच वाक्य परत म्हणतात.

अजान संपली की दरूद (पैगंबरांसाठीची प्रार्थना) आणि मग ही दुआ:

अल्लाहुम्मा रब्बा हाजिहिद्-दअवतित्-ताम्मह, वस्सलातिल्-काइमह, आति मुहम्मदनिल्-वसीलता वल्-फजीलह, वब्अस्हु मकामम्-महमूदनिल्-लजी वअद्तह.

भावार्थ असा: हे अल्लाह, या परिपूर्ण हाकेच्या आणि उभ्या राहणाऱ्या नमाजच्या मालका, मुहंमदांना वसीला (स्वर्गातलं उच्च स्थान) आणि श्रेष्ठत्व दे, आणि तू वचन दिलेल्या प्रशंसनीय स्थानी त्यांना पोहोचव. दुआ लांब वाटते. चार तुकडे करून रोज एक घ्या.

नमाजमध्ये असाल किंवा शौचालयात असाल तर उत्तर देऊ नका. कुरआन वाचत असाल तर थांबून उत्तर द्या, मग पुढे वाचा. दोन-तीन मशिदींच्या अजान एकामागून एक येत असतील तर पहिल्या अजानला दिलेलं उत्तर पुरतं. अजान आणि इकामत (नमाज उभी राहताना दिली जाणारी दुसरी हाक) यांच्या मधली दुआ परत फिरवली जात नाही अशी हदीस (पैगंबरांचं वचन) आहे, तेव्हा ती पाच-दहा मिनिटं मोबाइल चाळण्यात घालवू नका.

देवनागरीत लिहिलेली अजान फसवते

वर मी अजान देवनागरीत दिली, पण ती वाचून शिकू नका. ती आठवणीसाठी टेकू म्हणून ठीक. आपल्या लिपीत शब्दाच्या शेवटचा 'अ' आपण खाऊन टाकतो, म्हणून तो उच्चारला जावा यासाठी काना द्यावा लागतो, आणि मग वाचणारा तो लांब ओढतो. 'इलाहा'मध्ये 'ला' लांब आहे, शेवटचा 'हा' मात्र आखूड. 'हय्या'चा शेवटही आखूड. 'अन्ना'चा शेवट आखूडच हवा. तो ओढलात तर 'की आम्ही' असा भलताच अर्थ होतो.

सगळ्यांत जास्त चुका पहिल्याच शब्दांत होतात. 'अल्लाहु'मधला पहिला 'अ' कधीही ओढायचा नाही. 'आल्लाहु' म्हटलं की अरबीत तो प्रश्न होतो: अल्लाह महान आहे का? घोषणेच्या जागी शंका. तसंच 'अकबर'मधला 'ब' ओढून 'अकबार' करू नका, अर्थ पार बिघडतो. ओढायचं असेल तर 'अल्लाह'मधल्या 'ला'वर ओढा, तिथं स्वर मुळातच लांब आहे. सूर लावायला सोपं जातं म्हणून नेमक्या नको त्या जागी लोक ओढतात, आणि ऐकणाऱ्यांना ते इतकं सवयीचं होतं की कुणी टोकत नाही.

पुढची अडचण 'ह'ची. मराठीत एकच 'ह' आहे, अरबीत दोन वेगळे. 'अल्लाह' आणि 'सलाह' यांच्या शेवटचा 'ह' आपल्यासारखा हलका. 'हय्या', 'फलाह' आणि 'मुहम्मद' यांतला घशाच्या मधून, घासून येणारा. आरशावर वाफ धरायला जसा श्वास सोडतो त्याच्या जवळपास तो जातो, पण हे कागदावर जमणार नाही. 'सलाह'चा 'स'सुद्धा जाड आहे, जिभेचा मागचा भाग वर उचलून म्हणायचा. आणि 'अला'मध्ये सुरुवातीला 'ऐन' आहे, साधा 'अ' नव्हे. यासाठी तजवीद (कुरआनच्या शुद्ध उच्चाराचे नियम) येणारा माणूस समोर हवा. आठवड्यातून दोनदा दहा-पंधरा मिनिटं बसलात तरी फरक पडेल. मोबाइलवर स्वतःची अजान रेकॉर्ड करून त्यांना ऐकवा. स्वतःच्या कानाला स्वतःच्या चुका सहसा ऐकू येत नाहीत.

'अश्हदु अन् ला' असं तोडून म्हणणारेही भेटतात. इथं 'न' पुढच्या 'ल'मध्ये मिसळतो, म्हणून 'अल्-ला'. तसंच 'मुहम्मदन् रसूल' न म्हणता 'मुहम्मदर्-रसूल'.

वेळ: वेळापत्रकाच्या मागं काय असतं

वेळेआधी दिलेली अजान धरली जात नाही, वेळ झाल्यावर पुन्हा द्यावी लागते. बहुतेक विद्वानांनी यातून फक्त फजरपूर्वीची अजान वगळली आहे. बिलाल (रजि.) रात्र असतानाच अजान देत, झोपलेल्यानं उठावं आणि रात्रीची नमाज पढणाऱ्यानं थोडा विसावा घ्यावा म्हणून, खरी फजरची अजान इब्न उम्मे मक्तूम (रजि.) यांची. रमजानमध्ये तर तुमच्या अजानवर लोक रोजा धरतात आणि सोडतात. मगरीबची अजान दोन मिनिटं आधी दिलीत आणि त्यावर लोकांनी खजूर तोंडात टाकला, तर त्यांचे रोजे तुटतात. म्हणून वेळापत्रक बनतं कसं हे थोडंतरी समजून घ्या.

फजर सुरू होते खऱ्या पहाटेला, क्षितिजावर आडवा उजेड पसरतो तेव्हा. त्याआधी एक उभा, लांडग्याच्या शेपटीसारखा उजेड दिसून विरतो, ती खोटी पहाट. तिच्यावर अजान नाही. जुहर सूर्य माथ्यावरून ढळल्यावर. मगरीब सूर्यबिंब पूर्ण मावळल्यावर. इशा सांजेचा उजेड गेल्यावर; बहुतेक इमाम लाली गेली की पुरे म्हणतात, इमाम अबू हनीफा यांच्या प्रसिद्ध मतानुसार लालीनंतरची पांढुरकी छटाही जायला हवी.

असरवरून नवशिक्यांचा गोंधळ उडतो, कारण दोन वेळापत्रकांत असर दोन वेगळ्या वेळांना दिसते. एकदा हातानं करून पाहा. 1 मीटर लांबीची काठी सपाट जमिनीवर सरळ रोवा. दुपारी सावली सगळ्यांत आखूड होते तेव्हा मोजा. समजा ती 20 सेंटिमीटर आली. सावली पुन्हा वाढायला लागली की जुहर सुरू. ती 120 सेंटिमीटर झाली, म्हणजे काठीची लांबी अधिक दुपारची सावली, की शाफई, मालिकी आणि हंबली मतानुसार असर सुरू. 220 सेंटिमीटर झाली की हनफी असर. वेळापत्रक चुकलेलं नसतं, फक्त मोजमापाची व्याख्या वेगळी असते.

फजर आणि इशाच्या वेळा अॅपमध्ये वेगवेगळ्या येतात त्याचं कारण अंश. सूर्य क्षितिजाखाली किती अंश असताना पहाट धरायची, यावर संस्थांचं एकमत नाही. मुस्लिम वर्ल्ड लीग फजरला 18 अंश आणि इशाला 17 धरते, इजिप्तची पद्धत फजरला 19.5, उत्तर अमेरिकेतल्या इस्ना या संस्थेच्या पद्धतीत दोन्हींना 15. पृथ्वी एक अंश फिरायला 4 मिनिटं घेते, म्हणून 3 अंशांच्या फरकानं कमीत कमी 12 मिनिटं मागंपुढं होतात, आणि विषुववृत्तापासून लांब गेलं की त्याहून जास्त. फार उत्तरेला, साधारण 48.5 अंश अक्षांशापलीकडे, उन्हाळ्यात काही दिवस सूर्य रात्रभर 18 अंश खाली जातच नाही; तिथं विद्वानांनी वेगळे हिशोब सुचवले आहेत. तुमचं काम सोपं आहे: जमातीनं स्वीकारलेलं वेळापत्रक पाहा, अॅपमधली पद्धत त्याच्याशी जुळवून ठेवा, आणि स्वतःचं गणित मध्ये घालू नका.

हे काम पूर्वी मोठ्या मशिदींत वेगळ्या माणसाकडे असायचं, त्याला मुवक्कित म्हणत. दमास्कसच्या उमय्यद मशिदीचा मुवक्कित इब्न अल-शातिर हा चौदाव्या शतकातला मोठा खगोलशास्त्रज्ञ. त्यानं 1371 च्या सुमाराला मशिदीच्या मिनारावर संगमरवरी सूर्यघड्याळ बसवलं होतं. आज ते सगळं ज्ञान खिशातल्या फोनात आहे, फक्त फोनची सेटिंग बरोबर असली म्हणजे झालं.

उभं राहणं, श्वास आणि सूर

वजू (नमाजआधी तोंड-हातपाय धुणं) करून या. वजूशिवाय दिलेली अजान होते, पण चांगलं नाही. उभं राहून, किबल्याकडे (मक्केतल्या काब्याच्या दिशेला) तोंड करून द्यायची. दोन्ही तर्जनी कानात घालायच्या, बिलाल (रजि.) तसंच करत. जुन्या विद्वानांनी याची दोन कारणं दिली आहेत: आवाज लावायला मदत होते, आणि लांबच्या किंवा बहिऱ्या माणसाला पाहूनच कळतं की अजान चालली आहे. 'हय्या अलस्-सलाह'ला मान उजवीकडे, 'हय्या अलल्-फलाह'ला डावीकडे. छाती आणि पाय किबल्याकडेच राहतात, फक्त मान वळते. आवाज दोन्ही बाजूंना जावा म्हणून ही रीत. स्थिर माइकसमोर मान पूर्ण वळवली की आवाज एकदम पडतो आणि बाहेरच्यांना 'हय्या' ऐकूच जात नाही. तेव्हा थोडीच वळवा. माइक असेल तर वळायची गरजच नाही असंही काही विद्वान म्हणतात.

श्वासाचा हिशोब असा. सुरुवातीच्या चार तकबीर दोन-दोन करून, दोन श्वासांत. पुढचं प्रत्येक वाक्य एका श्वासात. शेवटच्या दोन तकबीर एका श्वासात, 'ला इलाहा' एका. म्हणजे पंधरा वाक्यं बारा श्वासांत, फजरला चौदा. दोन श्वासांच्या मध्ये ऐकणाऱ्याला उत्तर देता येईल इतकं थांबा. घाबरलेला माणूस नेमकं इथंच चुकतो, शांतता त्याला सहन होत नाही आणि तो पुढचं वाक्य लवकर सुरू करतो. थांबा. बाहेर कुणालाही तो थांबा लांब वाटत नाही.

श्वास पोटानं घ्या, खांदे वर जाऊ देऊ नका. वाक्याच्या मध्ये श्वास संपत असेल तर आलाप आखूड करा. शब्द मध्येच तोडून श्वास घेऊ नका.

पहिली तकबीर आपल्याला सहज जमेल त्याहूनही थोडी खाली धरा. दुसरी जोडी थोडी वर जाते, साक्षी आणखी वर, आणि 'हय्या'ला बहुतेकांचा आवाज टिपेला पोहोचतो. सुरुवातच उंच केलीत तर 'हय्या'ला गळा चिरकतो, आणि ते साऱ्या मोहल्ल्याला ऐकू जातं. शेवटचं 'ला इलाहा इल्लल्लाह' पुन्हा खाली येऊन, सावकाश.

चाल कुठली? ठरलेली अशी चाल नाही. तुर्कस्तानात वेळेप्रमाणे मकाम (आपल्या रागासारखी स्वररचना) बदलायची परंपरा आहे: पहाटेला सबा, मगरीबला सेगाह, आणि मगरीबची अजान आखूड. मक्केची चाल वेगळी, मदिनेची वेगळी. नवशिक्यानं एकाच चांगल्या मुअज्जिनची साधी अजान निवडावी आणि दोन-तीन महिने तीच घोटावी. चार जणांच्या हरकती एकत्र करून दिलेली अजान लगेच ओळखू येते, आणि ऐकवत नाही.

माइक तोंडापासून एक वीतभर लांब, थोडा बाजूला. 'फ' आणि 'ब'चा फुत्कार थेट माइकमध्ये गेला की बाहेर फटका ऐकू येतो. चालू करण्याआधी आवाजाची पातळी पाहून घ्या, माइकवर टिचकी मारून किंवा फुंकून नको. खोकणं, घसा खाकरणं सगळं आधी उरकून घ्या. आवाजाबद्दल तिथला कायदा आणि मशिदीच्या मंडळींनी ठरवलेली मर्यादा असेल ती पाळायची; भोंगा वाढवल्यानं अजान सुधारत नाही, फाटलेला आवाज आणखी फाटतो.

इकामत

अजाननंतर लोकांना वजू करून यायला, जेवणाऱ्याला घास संपवायला वेळ द्यायचा. मगरीबला हे अंतर अगदी थोडं असतं. मग इमामसाहेबांनी खूण केली की इकामत. अजान वेळेच्या हिशोबानं मुअज्जिनच्या हातात असते, इकामत इमामाच्या. त्यांच्या आधी सुरू करू नका.

शब्द तेच, 'हय्या अलल्-फलाह'नंतर 'कद कामतिस्-सलाह' दोनदा, म्हणजे नमाज उभी राहिली. हनफी पद्धतीत एकूण सतरा वाक्यं, शाफई आणि हंबली पद्धतीत बहुतेक वाक्यं एकेकदा, म्हणून अकरा, मालिकी दहा. अजान सावकाश आणि इकामत झरझर, इतकंच लक्षात ठेवा. आवाज सफेतल्या, म्हणजे नमाजच्या रांगेतल्या, लोकांपुरता.

नेहमीपेक्षा वेगळे प्रसंग

ईदच्या आणि जनाजाच्या नमाजला अजान नाही, इकामतही नाही. जुमाला (शुक्रवारच्या दुपारच्या नमाजला) दोन अजान होतात, मदिनेची वस्ती वाढल्यावर उस्मान (रजि.) यांनी बाजारातल्या जौरा नावाच्या ठिकाणाहून जादा अजान द्यायला सुरुवात केली, ती रूढ झाली. दुसरी खतीब (प्रवचन देणारे) मिंबरवर (प्रवचनाच्या उंच आसनावर) बसल्यावर, त्यांच्या समोर.

प्रवासात एकटे असाल तरी अजान द्या. रानात बकऱ्या घेऊन राहणाऱ्या एकाला अबू सईद खुदरी (रजि.) यांनी सांगितलं होतं की अजान देताना आवाज चढव, कारण जिथवर तो पोहोचेल तिथवरचं सगळं कयामतच्या दिवशी साक्ष देईल. झोपेमुळे नमाज राहून गेली आणि सगळे मिळून कजा पढत असतील तरी अजान द्यायची. एका सफरीत जागं राहून पहाटेवर लक्ष ठेवायचं काम बिलाल (रजि.) यांच्याकडे होतं आणि त्यांनाही डोळा लागला, सूर्य वर आल्यावर सगळे जागे झाले, तेव्हा अजान देऊनच नमाज झाली.

धो धो पाऊस किंवा कडाक्याची थंडी असेल तर अजानमध्येच 'आपापल्या ठिकाणी नमाज पढा' असं सांगण्याची सुन्नत (पैगंबरांपासूनची रीत) आहे. बहुतेकांनी ती पुस्तकातच वाचली होती. मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे कुवेतमधल्या मशिदींनी 'अस्सलातु फी बुयूतिकुम', नमाज तुमच्या घरी, असं पुकारलं तेव्हा जगभरातल्या लोकांनी ती प्रत्यक्ष ऐकली. हा बदल मात्र स्वतःच्या मनानं करायचा नसतो, मशिदीच्या जबाबदार लोकांनी सांगितलं तरच.

बाळ जन्मल्यावर उजव्या कानात अजान आणि डाव्या कानात इकामत द्यायची पद्धत आहे. आवाज कुजबुजीएवढा, तोंड कानापासून थोडं लांब. नव्या बांगीसाहेबांना बऱ्याचदा हे आमंत्रण अनपेक्षित येतं, आणि सवयीनं आवाज चढतो.

पहिल्यांदा देताना

पहिली अजान जुहरची किंवा असरची घ्या. गळा मोकळा झालेला असतो आणि जादा वाक्याची भानगड नसते. मगरीब नको, तिथं मिनिटाचा हिशोब असतो. फजर सगळ्यांत शेवटी घ्या. झोपेतून उठलेला गळा अर्धा तास तरी नीट लागत नाही, आणि ते जादा वाक्य विसरणारे जुनेजाणतेही आहेत.

शब्द लिहिलेला कागद समोर ठेवा, पाठ असला तरी. मध्ये वाक्य राहून गेलं आणि लगेच लक्षात आलं, तर त्या वाक्यावर परत जा आणि तिथून पुढे क्रमानं म्हणा. ठसका लागला तर थांबा, घोटभर पाणी प्या आणि पुढचं वाक्य घ्या; खंड फारच लांबला तर सुरुवातीपासून. मध्ये कुणाशी बोलायचं नाही, सलामचं उत्तरही अजान संपल्यावर. पहिले काही दिवस अजान नीट येत असलेला एखादा माणूस जवळ उभा करा आणि त्याच्याशी आधीच ठरवून ठेवा: चूक झाली तर त्यानं बोलायचं नाही, माइकमध्ये ते जाईल, फक्त हात वर करायचा.